आमच्या घरातला काळा

माझ्या सासऱ्यांचं नाव मी सांगणार नाही. मुद्दाम लपवते असं नाही, ते तोंडातून निघतच नाही. अठरा वर्षं झाली या घरात येऊन. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि नावासारखा ऐकू येणारा शब्दसुद्धा घेत नाही. आता मामंजींच्या आईबापांनी त्यांचं नाव ठेवलं ते एका धातूवरून. सोन्यावरून ठेवलं असतं तर माझं काय अडलं असतं? सोन्याचं नाव रोज कुठं घ्यावं लागतं आम्हाला! पण ठेवलं ते ज्याचे खिळे होतात, नाल होतात, फाटकं होतात, आणि जो पावसात राहिला की गंजतो, त्याच्यावरून. वर मामंजी धंद्यानं वेल्डर. अंगणात पाऊल टाकावं तिथं तोच धातू आडवा.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "पोरी, भिंतीला काय टेकवून ठेवलंय?" मला घाम फुटला. म्हटलं, "काळा आहे, बाबा." ते गालातल्या गालात हसले आणि कामाला लागले. तेव्हापासून माझ्या तोंडी त्या धातूचं नाव काळा. काळ्याची कढई, काळ्याचं फाटक. बारा वर्षांनी धाकटी जाऊ आली, जिपारा, तिलाही मी पहिल्याच दिवशी तो शब्द बांधून दिला. तो शब्द तिच्या गळ्याशी येईल हे मला काय ठाऊक!

जिपारा काराकोलची. बिश्केकला, राजधानीत, शिकायला आली आणि शिकायचं सोडून एका कॉम्प्युटर क्लबात कामाला लागली. पोरं तासावर पैसे देऊन गेम खेळायला यायची, ही त्यांची बिघडलेली यंत्रं उघडून दुरुस्त करायची आणि उरलेल्या वेळात त्यांनाच खेळात हरवायची. पाच मुलींचा तिचा संघ होता. मग माझा धाकटा दीर मिरलान एकदा कुणाबरोबर तरी त्या क्लबात गेला, तिच्याकडून तीनदा हरला आणि लग्न करूनच परतला. पुढं तो बांधकामावर परदेशी, येकातेरिनबुर्गला गेला आणि ही इथं तोकमोकला सासऱ्यांची भाकरी भाजत राहिली. सहा वर्षं झाली, मूल नाही. नवरा वर्षातून एक महिना घरी, मूल काय टपालानं येणार? पण हे लोकांना कोण सांगणार!

तिला स्वतःचा कॉम्प्युटर जोडून पुन्हा खेळायचं होतं. एवढंच. मी तिला शंभरदा विचारलं असेल, "अगं, काही काम करशील का त्याच्यावर? कुणाचे हिशेब, कुणाची पत्रं?" ती म्हणायची, "नाही जाऊबाई. खेळणार." लग्नकार्याच्या घरांना ती गाद्या शिवून द्यायची, तुकडे जोडून जोडून, आणि त्याच्या पैशांतून दोन वर्षं एकेक भाग आणत होती. आधी रिकामी पेटी, कुणीतरी टाकून दिलेली. मग मदरबोर्ड, मग प्रोसेसर, तोही वापरलेला. सगळं ठेवायची पाहुण्यांच्या खोलीत, जूकच्या मागे. जूक म्हणजे पेटाऱ्यावर रचलेली गाद्यांची चळत, ती घराची अब्रू, तिला सहसा कुणी हात लावत नाही. पाहुणे मुक्कामाला आले तर मात्र पहिला तिलाच हात लागतो. त्यामुळे फाटकाशी गाडी थांबली, की आम्ही दोघी आधी खिडकीकडं धावायचो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय भ्यायचं? मामंजी तर बोलून चालून गरीब स्वभावाचे. त्यांची भीती नव्हती हो. सासूबाई गेल्यापासून मामंजींची थोरली बहीण, उमसुनाय आत्या, "घराला वळण लावायला" येऊन राहिल्या होत्या. जिपाराला वळण लावणं म्हणजे काय, हे त्यांनी येताच माझ्या कानात सांगितलं होतं. "मूल नाही, नवरा जवळ नाही, ही पाटी कोरी आहे, नुरिला. एक कारण मिळू दे. तिला तिच्या आईकडं पोचवते आणि मिरलानला दुसरी बघते." एक कारण. त्या ते रोज शोधत होत्या. आणि जूकच्या मागे एवढं मोठं कारण दडलेलं.

या नोव्हेंबरात फक्त दोन वस्तू राहिल्या. ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय. खेळातली चित्रं पळवतं ते कार्ड. आणि सगळ्यांना वीज वाटतो तो पॉवर सप्लाय. त्याला इथं बाजारात जेवण घालणारा म्हणतात. पैसे मोजकेच. कार्ड चांगलं घ्यावं तर जेवण घालणारा अगदी स्वस्तातला येणार, कुण्या नाव नसलेल्या कंपनीचा. जेवण घालणारा दणकट घ्यावा तर कार्ड लंगडं. एक वाट जिपारानं शोधली होती. डिजिटल नाणी काढायला लोकांनी मध्यंतरी गोठ्यांतून, गॅरेजातून शेकडो कार्डं रात्रंदिवस चालवली. त्याला म्हणतात खाणीचं काम. आता ती राबून दमलेली कार्डं निम्म्या किमतीत मिळतात. खाणीतलं घेतलं तर दोन्ही वस्तू कशाबशा बसत होत्या, पण जेवण घालणारा तरी हलकाच.

"आणि तो जळला तर?" मी विचारलं. आमच्याकडे हिवाळ्यात वीज कशी असते ते मला माहीत आहे. संध्याकाळी सगळ्यांच्या शेगड्या लागल्या की दिवे विझू विझू होतात आणि मध्येच असा झटका देतात की फ्रिज किंचाळतो. मामंजींनी वेल्डिंगला हात घातला तर विचारूच नका. पलीकडच्या गल्लीत असल्याच एका स्वस्त डब्यानं पडदे पेटले होते.

"नाही जळणार," ती म्हणाली. पण नखं खात म्हणाली.

बुधवारी दुपारी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती, मी बटाटे सोलत होते. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ती बिश्केकच्या दुकानदाराला, दानियारला, बोलका निरोप पाठवत होती. आता गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या आतल्या सगळ्या सामानाला बाजारात त्याच धातूच्या नावानं ओळखतात, माझ्या सासऱ्यांच्या. जिपारा तो शब्द कसा घेणार? घरात कुणी नसताना, फोनवरसुद्धा, ती घेत नव्हती. इतकी ती सून होती, हे आत्याबाईंना दिसलं असतं तर!

ती म्हणाली, "दानियारभाऊ, माझा काळा आता तयार झालाय म्हणा. दोन वर्षं वाट बघितली. खाणीत राबलेला असला तरी चालेल मला, फक्त अंग फार तापत नसेल ना, एवढं बघा. जेवणाचं माझ्यावर सोडा, आहे त्यात भागवीन. शनिवारी घरचे सगळे कांतला लग्नाला जाणार आहेत. मी दाढ दुखते म्हणून मागं राहते. तेव्हा घेऊन येते. गाद्यांच्या मागं ठेवीन, कुणाला पत्ता लागणार नाही."

मी बटाटे सोलत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सवय झालेल्या माणसाला कानात काय खुपणार? मग सालं टाकायला बाहेर गेले, तर खिडकीखाली आत्याबाईंचे रबरी बूट. बुटांत आत्याबाई.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. इतकी वर्षं त्या मला ओळखतात, कधी हसल्या नव्हत्या. मी सालं कोंबड्यांना टाकली आणि आत आले.

गुरुवारी त्या कुणावर ओरडल्या नाहीत. शुक्रवारी त्यांनी जिपाराच्या हातच्या बोरसोकांना, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांना, चांगलं म्हटलं. मी रात्रभर तळमळले. त्यांनी काय ऐकलं, किती ऐकलं? जिपाराला सांगावं तर ती घाबरून सगळं सोडून देईल, दोन वर्षांचं. न सांगावं तर… मी सांगितलं नाही. मनाला समजावलं, म्हातारीला कान कमी आहेत. तिचे कान घुबडासारखे आहेत हे मला माहीत होतं.

शनिवारी आम्ही मामंजींच्या जुन्या व्हॅनमधून कांतला गेलो. जिपारा गालाला फडकं बांधून फाटकाशी उभी होती. तिनं डोळ्यांनीच मला खूण केली. मला ती खूण बघवली नाही.

लग्नात मांस वाढलं, नाच सुरू झाला, आणि दोनच्या सुमारास आत्याबाई उठल्या. वाट्याचं मांस प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतलं आणि भावाला म्हणाल्या, "चल. घरी."

"आत्ता? अजून केक कापायचाय, आक्का."

"तुझ्या घरात काय कापलं जातंय ते बघायला चल."

गाडी हायवेला लागली आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मांसाची पिशवी मांडीवर, एकेक बोट मोडत. "बिश्केकमध्ये एक माणूस आहे. खाणकामगार. त्याला ही 'माझा काळा' म्हणते. दोन वर्षं चालू आहे. आज तो घरी येणार. तुझ्या घरी! पाहुण्यांच्या गाद्यांमागं लपवणार म्हणे त्याला. जेवू घालणार! त्याचं अंग तापतं का विचारत होती सटवी. मी काल मिरलानला फोन केलाय. तो रडत होता."

माझी दातखीळ बसली. खरंच बसली, तोंड उघडेना. एका वाक्याचं काम होतं. 'आत्याबाई, काळा म्हणजे तो धातू.' पण कुठला धातू, ते मामंजींच्या पाठीमागे बसून, त्यांच्या मानेकडे बघत मी कसं सांगणार? आणि तसं आडवळणानं सांगताही आलं असतं, हे आज कळतं. खरी गोष्ट अशी की मला वाटलं, आपण बोललो तर आपणही त्यात गुंततो. "नुरिला, तुला माहीत होतं?" आत्याबाईंनी वळून विचारलं. मी मान हलवली. नाही म्हणून. मी ते लिहितेय, कारण जिपारानं ते मला कधी विचारलेलं नाही.

आरशात मामंजींचे डोळे तेवढे दिसत होते, रस्त्यावर खिळलेले. गाडीचा वेग वाढत होता. ज्या माणसानं गेल्या पंधरा वर्षांत कुणाला मागे टाकलं नाही, तो आज ट्रकांना मागे टाकत होता. मी जीव मुठीत धरून बसले. अपघात झाला तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

अंगणात गाडी थांबली. आत्याबाई काठी घेऊन पुढे, मागे मामंजी, मागे मी. पाहुण्यांच्या खोलीचं दार ढकललं.

जूक मोडलेला. वीसेक गाद्या खोलीभर पसरलेल्या. मधोमध जिपारा गुडघ्यांवर, बाह्या कोपरापर्यंत, केस सुटलेले, तोंड पांढरंफटक. आणि भिंतीशी सगळ्यात जाड गादीखाली काहीतरी उंचवटा, बसलेल्या माणसाएवढा.

"कुठाय तो?" आत्याबाई किंचाळल्या. "कुठाय तुझा काळा?"

"आत्या… काळा म्हणजे…" जिपारानं तोंड उघडलं. दारात मामंजी उभे. तिचा शब्द घशातच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी गादीवरच्या लाल तुकड्यांकडे बघायला लागले, जणू ते मी पहिल्यांदाच बघत होते.

"म्हणजे काय? बोल! नाव सांग त्याचं!"

"नाव नाही घेता येत, आत्या," ती हळूच म्हणाली.

झालं. याहून वाईट ती काय बोलू शकली असती? आत्याबाईंनी काठी उचलली आणि गादीखालच्या त्या उंचवट्यावर दाणकन हाणली.

आवाज आला, ठण्ण.

मी मामंजींकडे बघितलं. माणसाला मारलं तर असा आवाज येत नाही. चाळीस वर्षं हातोडा चालवलेल्या माणसाला तो आवाज काय आहे ते सांगावं लागत नाही. ते मान किंचित वाकडी करून ऐकत होते, आवाज संपेपर्यंत. काठीच्या मारानं गादी जराशी घसरली होती, कडेनं पेटीतल्या तारा दिसत होत्या.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मिरलान. त्यांनी घेतला आणि त्यांच्या जाड बोटांनी नेहमीसारखं भलतंच बटण दाबलं, सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबा! सापडला का? कोण आहे तो? कोण आहे तो काळा?"

मामंजींनी फोन तोंडाशी धरला. मग म्हणाले, "मी."

"काय?"

"मी, तुझा बाप. काळा मीच. तुझ्या बायकोला माझं नाव घेता येत नाही, गाढवा. आणि बाजारात कॉम्प्युटरच्या सामानाला माझ्याच नावानं ओळखतात." मग जिपाराकडे बघून, "ओळखतात ना गं?"

जिपारानं मान डोलावली. मामंजींनी फोन बंद करून खिशात टाकला आणि गादी उचलली. खाली पेटी, झाकण उघडं, आत तारा, पंखे आणि खाणीतून आलेलं कार्ड, पुसून लख्ख केलेलं.

भीती संपली असं मला वाटलं नाही. उलट आता खरं कारण उघड्यावर आलं होतं. आत्याबाईंनाही ते कळलं. "बरं! माणूस नाही तर नाही. हे कशासाठी आणलं, विचार तिला. घरात वीज नाही, मूल नाही, आणि हिनं यंत्र आणलं. कशासाठी?"

मी तिच्यासाठी खोटं तयार ठेवलं होतं. गाद्यांच्या हिशेबासाठी, गिऱ्हाइकांना फोटो पाठवायला. डोळ्यांनी तिला सांगतही होते, म्हण, म्हण.

"खेळायला," जिपारा म्हणाली. "खेळायला आणलंय, बाबा."

आत्याबाईंच्या हातातली पिशवी कधी सुटली त्यांनाच कळलं नाही. मांस जमिनीवर पडलं होतं. मला वाटलं, आता मामंजी म्हणणार, बोचकं बांध. ते मुळात गरीब, त्यात बहिणीपुढं कधी बोललेले नाहीत. जिपारालाही तेच वाटलं असणार, कारण तिनं सुटलेले केस गोळा करून रुमालाखाली घातले, जायला निघालेली बाई घालते तसे.

मामंजी खाली बसले. गुडघे वाजले. त्यांनी पेटीतल्या प्रत्येक वस्तूला बोट लावलं आणि शेवटी जेवण घालणारा डबा बाहेर काढला. अजून जोडलेला नव्हता. तळहातावर ठेवून वरखाली केला, बाजारात कलिंगड करतात तसा. दुसऱ्या हातात घेतला. पुन्हा पहिल्या हातात.

"हलका आहे," ते म्हणाले.

त्यांनी तो उलटा करून बघितला.

"फार हलका. वेल्डिंगचं मशीन असलं हलकं दिलं ना कुणी, तर मी शेडमध्ये घेणार नाही. घर जाळेल हा." त्यांनी तो तिच्यापुढे धरला. "पोरी, यात काळा कमी आहे."

काळा म्हणाले. जन्मभर दिवसातून पन्नासदा त्यांनी आपल्या तोंडानं तो धातू मोठ्यानं म्हटला होता, त्यांना कुणाची बंदी! त्या दिवशी त्यांनी आमचा शब्द घेतला. जिपारानं तोंडावर हात ठेवला आणि ती रडायला लागली, आवाज न करता. मीही. माझं रडणं वेगळ्या कारणानं होतं.

"आक्का," मामंजी उठत म्हणाले, "ते मांस उचल. मांजर येईल."

आत्याबाईंनी उचललं. मंगळवारी त्या आपल्या गावी गेल्या, वळण अर्धंच लावून.

त्याआधी सोमवारी मामंजी आम्हा दोघींना घेऊन बिश्केकला गेले, तळघरातल्या त्या दुकानात. मला का नेलं ते त्यांनी सांगितलं नाही. गाडीत मला त्यांनी पुढं बसवलं, आणि मला त्यांच्या डोळ्यांची पुन्हा भीती वाटली. आरशात बघणाऱ्या माणसाला मागच्या सीटवरची मान हललेली दिसते.

दानियार तरणा, बोलघेवडा. हलका डबा त्यानं तोंड वाकडं करून परत घेतला. "आता कुठला देऊ, आजोबा?"

"जड दे. वरचे पैसे मी देतो. ज्यात काळा भरपूर आहे असा."

"काळा?" दानियार हसला. "ही ताईपण तसंच म्हणते. अहो, काळा काय! त्याला म्हणतात—" आणि त्यानं तो शब्द मोठ्यानं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा घेतला.

जिपारानं खाली बघितलं. मीही बघितलं.

"ते माझं नाव आहे," मामंजी म्हणाले. "माझ्या सुनांसमोर घेऊ नकोस."